ड्युअल बूट लॅपटॉपवर उबुंटू दिसेनासं झालं? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात मामा मार्केट यार्डातनं थेट आमच्या विश्रामबागच्या घरी आले, हातात मुलीचा लॅपटॉप. त्यांची हळदीची अडत आहे, सगळा हिशोब विंडोजवर टॅलीत, आणि मामेबहीण इंजिनिअरिंगला आहे म्हणून तिनं त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली (यालाच ड्युअल बूट म्हणतात). रात्री विंडोजचा अपडेट झाला आणि सकाळी चालू केला तर उबुंटू निवडायची ती काळी स्क्रीनच नाही, सरळ विंडोज. दुकानात दाखवला तर म्हणे पूर्ण फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. तिचं अख्ख्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट उबुंटूत होतं, रडायच्या बेतात होती पोरगी. फॉरमॅटची गरज नव्हती. अशा वेळी डेटा बहुतेक वेळा जिथल्या तिथं असतो, फक्त तिथं जायचा रस्ता हरवलेला असतो, हे लोकांना कुणी सांगतच नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आता रस्ता म्हणजे काय, तर नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कच्या सुरुवातीला ईएफआय नावाचं छोटं पार्टिशन असतं, विंडोजनं बनवलं असेल तर बऱ्याचदा १०० एमबीचं, त्यात विंडोजची बूट फाइल (सिस्टिम चालू करणारी) पण असते आणि उबुंटूची पण. त्यातली आधी कुठली उचलायची याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. अपडेटनंतर कधीकधी विंडोज त्या यादीत स्वतःला पहिल्या नंबरावर नेऊन ठेवतं. बाकी उबुंटूच्या पार्टिशनला हात पण लागलेला नसतो.

काहीही करायच्या आधी एक काम करा, कंटाळा करू नका. बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ आकडी रिकव्हरी की शोधून वहीत लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, आणि बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडायचं मूळ सेटिंगचं पान) सिक्युअर बूट (फक्त खात्रीचीच बूट फाइल चालू देणारं सेटिंग) बदललं की विंडोज ती की मागतं. नसेल तर खरोखरचा डेटा अडकतो. त्याच अकाउंटनं मोबाइलवर लॉगिन केलं की डिव्हाइसेसमध्ये बहुतेकदा की सापडते. शिवाय दुकानाचा हिशोब असेल तर टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, विंडोज चालू होतंय तोवरच.

मग बघायचं की गाडी नेमकी कुठं अडते.

सरळ विंडोज चालू होत असेल तर लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. लेनोव्हो आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. त्या यादीत उबुंटू दिसलं की समजायचं सगळं ठीक आहे, ते निवडा, आत जाल. आत गेल्यावर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून सुडो ईएफआयबूटएमजीआर ही कमांड द्यायची (कमांड इथं बोलतो तशा लिहिल्यात, टाइप मात्र इंग्रजी अक्षरात करायच्या). समोर चार आकडी नंबरांसकट यादी येते, वर बूटऑर्डर लिहिलेलं असतं. समजा उबुंटू ०००३ आणि विंडोज ०००० असेल तर तीच कमांड परत, पुढं स्पेस देऊन डॅश ओ, मग ०००३,०००० मध्ये स्वल्पविराम देऊन, आणि जुन्या क्रमातले बाकीचे नंबर त्याच्या मागं. रीस्टार्ट. मामेबहिणीचं काम एवढ्यावरच झालं, चहा होईपर्यंत. काही लॅपटॉप हा क्रम ऐकतच नाहीत, मग बायोसमध्ये जाऊन बूटच्या पानावर उबुंटू हातानं वर सरकवा.

उलटं झालं, म्हणजे ग्रबची (उबुंटू की विंडोज निवडायची ती काळी स्क्रीन) यादी येते पण त्यात विंडोजच नाही, तर घाबरू नका. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर सुरुवातीलाच बंद ठेवलेलं असतं. सुडो नॅनो देऊन ईटीसी, त्यात डिफॉल्ट, त्यात ग्रब ही फाइल उघडा आणि शेवटी एक ओळ टाका, ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स, त्यातलं फॉल्स सोडून सगळं कॅपिटलमध्ये आणि मध्ये कुठं स्पेस नको. सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब. विंडोज बूट मॅनेजर सापडला असं तिथंच लिहून येतं.

ग्रब रेस्क्यू असं लिहून नुसताच कर्सर लुकलुकतोय, हा प्रकार जरा किचकट. बहुतेकदा कुणीतरी विंडोजमधून जागा वाढवायला जाऊन पार्टिशन हलवलेलं किंवा उडवलेलं असतं. उबुंटूचंच उडवलं असेल तर तिथं खालचं काही चालणार नाही, आणि त्यावर नवीन काही लिहायचं पण नाही, आधी डेटा काढणाऱ्याला दाखवा. पार्टिशन जागेवर असेल तर हे करा:

१. एलएस टाइप करा, एचडी०,जीपीटी५ असली नावं कंसात येतात. एकेकापुढं स्लॅश बूट स्लॅश ग्रब लावून एलएस देत जा, फायली दिसल्या की ते तुमचं उबुंटू.
२. सेट रूट=(एचडी०,जीपीटी५), मग सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब. नंबर तुमचा टाका.
३. इन्समॉड नॉर्मल, एंटर, मग नुसतं नॉर्मल, एंटर.

नेहमीची यादी आली तर उबुंटूत जाऊन लगेच सुडो ग्रब-इन्स्टॉल आणि सुडो अपडेट-ग्रब करा, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच.

यादी नाही आली तर ज्या पेनड्राइव्हवरनं उबुंटू टाकलं होतं तो लावून ट्राय उबुंटू घ्या, पण बूट मेनूत यूईएफआय लिहिलेलीच ओळ निवडा, इथं बरेच जण चुकतात. एलएसबीएलके डॅश एफ दिलं की पार्टिशनं दिसतात, एक्स्ट४ म्हणजे उबुंटू, व्हीफॅट म्हणजे ईएफआय, पेनड्राइव्हचं पार्टिशन त्यात धरू नका. उबुंटूचं स्लॅश एमएनटी या फोल्डरवर माउंट करा (म्हणजे जोडा), ईएफआयचं एमएनटीमधल्या बूट, त्यातल्या ईएफआयवर. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर माउंट डॅश डॅश आरबाइंडनं एमएनटीतल्या त्याच नावांवर जोडा, सुडो सीएचरूट स्लॅश एमएनटी, आणि आतून परत तेच ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. कुठलं पार्टिशन कुठलं याची खात्री असल्याशिवाय एंटर दाबू नका, आणि फॉरमॅट हा शब्द कुठल्याही स्क्रीनवर दिसला तर थांबा.

शिम, एसबॅट, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा मेसेज येऊन लॅपटॉप बंद पडत असेल तर तो ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं अनेकांच्या लॅपटॉपवर केलेला प्रकार आहे. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा (इथं ती ४८ आकडी की लागू शकते), उबुंटूत जाऊन सुडो मॉकयूटिल डॅश डॅश सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट द्या, एकदा रीस्टार्ट करून परत उबुंटूत या, उबुंटूचे अपडेट घ्या आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

आत आल्यावर दोन गोष्टी अजून दिसतील. उबुंटूतनं विंडोजचा डी ड्राइव्ह उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळं विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धं झोपलेलं असतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ द्या, मग नीट बंद करा. अशा ड्राइव्हवर जबरदस्तीनं लिहायला जाऊ नका, फायली खराब होतात.

दुसरी म्हणजे घड्याळ. उबुंटूतनं विंडोजमध्ये गेलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागं दाखवते, मामांना वाटलं बॅटरी गेली. उबुंटू लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतातली समजतं, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ एवढंच द्या. आपल्याकडं उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळं त्यावर उबुंटू जो इशारा दाखवतं त्याचा इथं फारसा त्रास होत नाही. मामांच्या बिलांवरची वेळ तेव्हापासून बरोबर येतेय.