ईईजीच्या खोलीत अपस्मार शिकताना

शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करून मी परळच्या एका रुग्णालयातील ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद घेणाऱ्या तपासणीच्या) विभागात रुजू झाले, तेव्हा अपस्मार (फेफरे) म्हणजे मेंदूतील पेशींचा अतिरेकी विद्युतस्राव, एवढी व्याख्या मला पाठ होती. ती चुकीची नाही. परंतु पेशींकडे येणाऱ्या माहितीचे त्या वेळी काय होते, हे तिच्यातून कळत नाही. ते मला कळले आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीमुळे.

तीन मिनिटे खोल, भराभर श्वास घ्यायला लावले, की मुलांमधील ‘ॲब्सेन्स’ प्रकारचा, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याचा झटका तपासणीतच दिसू शकतो, म्हणून आम्ही त्यांच्या हाती कागदी भिरभिरे देतो. ती फुंकर घालत होती. दुसऱ्या मिनिटाला भिरभिरे थांबले, नजर स्थिरावली आणि पडद्यावर सर्वत्र सेकंदाला तीन या गतीने काटेरी लहरी उमटू लागल्या. मी मोठ्याने ‘पेरू’ म्हटले. आठ-दहा सेकंदांनी भिरभिरे पुन्हा फिरू लागले. मी कोणता शब्द म्हटला, असे नंतर विचारले, तेव्हा तिने आईकडे पाहिले. आईने तो ऐकला होता. मुलीपर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

एरवी प्रत्येक पेशी उत्तेजक आणि शामक संदेशांची बेरीज-वजाबाकी करते आणि उंबरठा ओलांडला गेला तरच पुढे संदेश धाडते. शेजारच्या दोन पेशी एकाच क्षणी वेगवेगळे काही सांगतात, त्या वेगळेपणातच माहिती असते. या झटक्यात मात्र थॅलॅमस (मेंदूच्या आत खोलवर असलेले, संवेदना पुढे पाठवणारे केंद्र) आणि मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील असंख्य पेशी एकाच ठेक्यात बांधल्या जातात, आणि बाहेरून आलेल्या शब्दाला वेगळे उत्तर द्यायला फारसे कोणी मोकळे राहत नाही. तो ठेका टिकवण्यात थॅलॅमसमधील टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांचा (कॅल्शियमला पेशीत येऊ देणाऱ्या सूक्ष्म दारांचा) मोठा वाटा असतो, आणि इथोसक्सिमाइड हे औषध त्यांनाच आवरते.

अपस्मार म्हणजे केवळ उत्तेजना वाढणे, हा समज नवख्यांनी लवकर सोडावा. ड्रावे सिंड्रोम या बालपणी सुरू होणाऱ्या गंभीर अपस्मारात, पेशीला संदेश धाडण्यासाठी लागणाऱ्या सोडियम वाहिनीच्या जनुकात बहुतेकदा दोष असतो, त्यामुळे वाहिनी दुबळी होते, तरीही झटके वाढतात. कारण त्या दोषाचा फटका प्रामुख्याने शामक पेशींना बसतो. म्हणूनच कार्बामाझेपिनसारखी सोडियम वाहिन्या रोखणारी औषधे तिथे अपाय करू शकतात. या एका उदाहरणावर मी आठवडाभर वाचन केले, आणि तुम्हीही करावे, असे मला मनापासून वाटते.

बाकी कौशल्य हाताने शिकायचे. तपासणीआधी केस धुवून, तेल न लावता यायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. माझ्या पहिल्या पावसाळ्यात खोलीतला एसी बंद पडला असताना, घामामुळे आलेल्या संथ लहरींना मी मेंदूतील बिघाड समजून खूण केली होती. वरिष्ठ मॅडमनी कपाळ पुसून पुन्हा नोंद घ्यायला लावली आणि त्या लहरी नाहीशा झाल्या. तेव्हापासून लहरी दिसल्या, की मी आधी रुग्णाकडे पाहते, त्याला एक शब्द सांगते आणि तो शब्द, वेळेसह, नोंदीवर लिहिते.