उत्पन्नाच्या दाखल्याचा ऑनलाइन अर्ज मराठी माणसांसोबत कसा तपासावा

असा अर्ज दोन प्रकारची माणसं भरतात: स्वतःच्या मोबाइलवर भरणारे आणि सेतू केंद्रात दिवसभर इतरांचे अर्ज भरणारे ऑपरेटर. दोघांच्या चुका वेगळ्या, म्हणून अर्ज वापरायला सोपा आहे का हे पाहण्याच्या चाचणीला प्रत्येक गटातून चार-चार जण घ्या. ‘चाचणीला पाच जण पुरेत’ हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा २००० सालचा सल्ला एकसारख्या वापरकर्त्यांपुरता आहे. आठही जण पुण्यातले असतील तर लातूर-गडचिरोलीच्या बोलीबद्दल काहीच कळणार नाही.

काम सांगताना पडद्यावरचा शब्द उच्चारू नका. “उत्पन्नाचा दाखला निवडून अर्ज सादर करा” म्हटलं की माणूस फक्त शब्द जुळवतो. त्याऐवजी “मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी कमाईचा सरकारी कागद लागतोय, तो काढा” असं सांगा.

“कसं वाटलं?” हा प्रश्न वाया जातो; समोरचा भिडेखातर “छान आहे” म्हणतो. “हे दाबलं तर काय होईल?” असं, दाबण्याआधी विचारा. वयस्कर माणसाशी अहो-जाहोनेच बोला. शेजारी बसलेला मुलगा मदतीला धावला तर अडवू नका, पण कुठल्या पायरीवर धावला ते लिहा. घरीही तिथेच मदत लागणार आहे.

सर्वात जास्त वेळ ‘रद्द करा’ला द्या. “अर्ज रद्द करायचा आहे का?” या चौकटीखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणं असली की दोन्हींचा अर्थ एकच होतो. (इंग्रजी बटणांचं सरळ भाषांतर, दुसरं काय!) ‘हो, अर्ज रद्द करा’ आणि ‘नको, मागे जा’ असं लिहून पुन्हा तपासा.

नावाच्या रकान्यात आडनाव आधी येतं का ते पाहा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असेल तर माणूस तोच क्रम उतरवतो. पिनकोड ४११००२ असा देवनागरी अंकांत टाकून बघा. बऱ्याच प्रणाली तो चुकीचा ठरवतात. शोधात ‘उत्पन्न’, ‘ऊत्पन्न’ आणि रोमन लिपीतलं ‘utpanna’ तिन्ही चालायला हवेत. ‘ॲ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, पण शोधाला वेगळे. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली असेल तर ‘पूर्ण’चा ऊकार खालून कापला जातो.

नोंदीला तीन रकाने पुरतात: माणूस बोलला तो शब्द, पडद्यावरचा शब्द, अडला ती जागा. चारपैकी तिघे ‘पाठवा’ म्हणत असतील तर बटणावर तेच लिहा. ‘सादर करा’ खाली बारीक अक्षरात राहू द्या.