चेकबॉक्समधला आगंतुक चौकोन

पायथनच्या टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) सेटिंग्जची खिडकी केली. टीटीकेचे (तिचा थीमवाला भाग) चेकबटण, म्हणजे टिक करायचा चौकोन, उघडताक्षणी ना टिक, ना रिकामे. मध्येच भरीव खूण. थीम बदलून पाहिली, फरक शून्य.

कारण वेगळेच निघाले. बटणाची खरे-खोटे किंमत धरणारा व्हेरिएबल, बूलियनव्हार, फंक्शनच्या आत स्थानिक ठेवला होता. फंक्शन संपले की पायथन तो आवरून टाकतो, मागचे टीसीएल (टीकेइंटरच्या मुळाशी असलेली भाषा) व्हेरिएबलही पुसले जाते आणि बटण ‘अल्टरनेट’, म्हणजे ना चालू ना बंद, अवस्थेत जाते. एररचा एक शब्द नाही, हे फारच झाले!

बूलियनव्हार ‘सेल्फ’ला (खिडकीच्या ऑब्जेक्टला) जोडून ठेवला, सुरुवातीची किंमत फॉल्स दिली, काम झाले. जुन्या, टीटीकेविना चेकबटणात रिकामा स्ट्रिंगव्हार (मजकूर धरणारा व्हेरिएबल) दिला तरी असेच दिसते, कारण तिथे ट्रायस्टेट-व्हॅल्यू (मधली अवस्था दाखवणारी किंमत) मुळात रिकामी स्ट्रिंगच असते. तिथे ऑफ-व्हॅल्यूच (टिक नसतानाची किंमत) आधी सेट करावी.