गोव्यात भाडं विचारण्याआधी गाव पक्कं करा

मी म्हापशाची, माहेर कोल्हापूरकडचं. त्यामुळे मंगेशी-शांतादुर्गेला निघालेले निम्मे नातेवाईक आधी मला फोन लावतात. पहिला प्रश्न ठरलेला: "टॅक्सीवाला किती घेईल गं?" मी म्हणते, आधी कुठून कुठे ते सांग.

कोल्हापूरच्या स्टँडवर नुसतं "फोंडा" म्हणालात तर राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडाघाटला पोचाल, म्हणजे कणकवली तालुक्यात. मंगेशीसाठी "गोव्यातलं फोंडा" असंच म्हणायचं. केरीचं तर त्रांगडंच आहे. एक केरी पेडण्यात, तेरेखोलच्या मुखाशी, किनाऱ्याची. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याला. फोंडा तालुक्यातही एक आहेच. तशात हणजूणचा किनारा बार्देशात आणि अंजुणे धरण सत्तरीत. म्हणून ड्रायव्हरला गावाबरोबर तालुका सांगा. भाड्याची निम्मी भांडणं "मला वाटलं ते दुसरं" इथूनच सुरू होतात.

इंग्रजी पाट्यांना पोर्तुगीज वळण आहे. शेवटचा एम नाकात विरतो, एक्स दिसला की बहुतेकदा श वाचायचा. हॉटेलच्या बुकिंगवर 'आरांबोल' असतं, कंडक्टर "हरमल, हरमल" ओरडतो, आणि पाहुणे बसमध्ये बसून राहतात! बिचोलिम म्हणजे डिचोली, सांक्वेलिम म्हणजे साखळी. दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहून आणा.

रेल्वेने येणाऱ्यांनो, पणजी नावाचं स्टेशन नाही. पणजीला करमळी, म्हापशाला थिवी. विमानाच्या तिकिटावर नुसतं 'गोवा' बघून गाडी ठरवू नका. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दाबोळी वास्कोजवळ, मोपा पार पेडण्यात. घ्यायला येणारी गाडी चुकीच्या विमानतळावर थांबली तर तो खर्च तुमच्याच माथी.

आता पैसे. लालपरीतली बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. सावंतवाडीहून पणजीला येताना हद्दीच्या पुढचं तिकीट पूर्ण लागतं. आमच्या आत्याबाई दरवेळी कंडक्टरशी हुज्जत घालतात. त्याचा काही दोष नसतो.

टॅक्सी ठरवताना आकडा एकटा विचारू नका. मी असा मेसेज पाठवायला सांगते: "बाब, मोपाहून म्हापसा मार्केट, चार माणसं, तीन बॅगा, एसी धरून एकूण किती? थांबावं लागलं तर तासाचे किती? परतीचं रिकामं भाडं यात धरलंय का?" उत्तर लेखी आलं की निम्मं काम झालं. सावंतवाडी-बेळगावकडे जाणार असाल तर परराज्यात जायचा परवाना आणि टॅक्स कोणी भरायचा, तेही त्यातच विचारा. गोव्याचा ड्रायव्हर परतीचे पैसे मागतो ती नेहमीच लूट नसते. तिकडून भाडं मिळालं नाही तर बिचारा रिकामाच येतो. पण तेच भाडं पोचल्यावर आठवलं, तर मात्र द्यायचं नाही.

स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघूनच घ्या. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की ती स्वस्ताई संपते. मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्या 'पायलटा'शी भाडं मागे बसण्याआधी ठरवा. दिवाडी बेटावर जायचं तर जुन्या गोव्याहून फेरीबोट आहे. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, तेव्हा "फेरीचे वेगळे" असं कोणी म्हणालं तर सरळ पुढे चालू लागा.