थायरॉइडसाठी मानेचा ब्लॉक देताय? या चुका टाळा

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी राहावं म्हणून दोन्ही बाजूंना सुपरफिशियल सर्व्हायकल प्लेक्सस ब्लॉक (मानेच्या कातडीकडे जाणाऱ्या नसा बधिर करायचं इंजेक्शन) देतात, आणि सोनोग्राफीवर तो इतका सोपा दिसतो की नवीन पोरं दोन केसेस करून उस्ताद होतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सुईचा दांडा दिसला की टोकच दिसलं असं धरून चालायचं. मागे एका मोठ्या गॉयटरच्या (सुजलेल्या थायरॉइडच्या) केसला आमच्या रेसिडेंटने असंच केलं, स्टर्नोमास्टॉइडच्या (मानेच्या बाजूच्या जाड स्नायूच्या) खाली थांबायचं सोडून सुई प्रीव्हर्टेब्रल फॅशियाच्या (मणक्यापुढच्या खोल पडद्याच्या) आत गेली, तीही दोन्हीकडे. रिकव्हरीत बाईंचा श्वास उथळ, सॅच्युरेशन घसरतंय, आवाज बसलेला, सर्जनचा चेहरा पांढराफटक कारण त्यांना वाटलं आपणच आवाजाची नर्व्ह कापली. मी सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांखाली लावला तर दोन्हीकडचा डायफ्राम, म्हणजे श्वासाचा पडदा, जवळपास गप्प! डायफ्राम हलवणारी फ्रेनिक नर्व्ह त्या खोल पडद्याआड, मानेतल्या स्केलीन स्नायूवरून जाते ना. ब्लॉक उतरेपर्यंत काही तास सीपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) ठेवलं, बाई नीट घरी गेल्या, पण मी त्या रात्री जेवलो नाही. तेव्हापासून माझा नियम, टोक हरवलं की हात थांबवायचा, एक मिली सलाइन सोडून पाहायचं, स्नायूच्या खाली थर उलगडला तरच औषध. दोन्ही बाजूंना डीप ब्लॉक, म्हणजे त्या खोल पडद्याच्या आत औषध, तर नकोच.

दुसरं म्हणजे डोसचा हिशोब. 50 किलोच्या बाईला ब्युपिव्हकेन (बधिर करायचं औषध) किलोला कमाल 2 मिलिग्रॅम धरलं तर 100 मिलिग्रॅम झाले, आणि काही महाभाग 0.5 टक्केवालं 20-20 मिली दोन्हीकडे देतात म्हणजे सरळ 200 मिलिग्रॅम, वर सर्जन चिरेत वेगळं टोचणार ते कुणी मोजतच नाही. मी 0.25 टक्के, प्रत्येक बाजूला 10 मिली देतो, बास. सर्जन किती टोचणार ते आधीच विचारतो, आणि औषध अंगात भिनलं तर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड हाताशी असतं.

प्रोब दाबून धरू नका, एक्स्टर्नल ज्युग्युलर ही मानेची शीर चपटी होते, दिसत नाही आणि सुई नेमकी तिच्यातच जाते. प्रत्येक वेळी अ‍ॅस्पिरेट करा, म्हणजे सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का बघा.

ब्लॉक शक्यतो भूल दिल्यावर, चीर देण्याआधी. ऑपरेशनच्या शेवटी ड्रेन आणि ड्रेसिंगमधून जागा शोधत बसणं मला तरी जमत नाही.

आणि पेशंट मानेच्या मागे दुखतंय म्हणाला की ब्लॉक फेल गेला म्हणून ट्रामाडॉलकडे (जोरदार वेदनाशामकाकडे) धावू नका, ते ऑपरेशनमध्ये मान मागे ताणून ठेवल्याचं दुखणं आहे, तिथे हा ब्लॉक पोचतच नाही. पॅरासिटामॉल आणि नीट उशी द्या. पण मान समोरून घट्ट वाटतेय म्हणाला तर आधी ड्रेसिंग उघडून रक्त साठलंय का ते बघा आणि सर्जनला बोलवा.