जुन्या साड्यांची गोधडी घरच्या घरी कशी शिवावी

बहुतेक घरांच्या कपाटांत अशा चार-पाच सुती साड्या असतातच, ज्या आता नेसता येत नाहीत आणि कोणाला देऊनही टाकवत नाहीत. काठ अजून भक्कम असतो, पदराचा रंग टिकून असतो, पण अंग विरलेले असते. अशा कापडाची गोधडी करणे हा महाराष्ट्रातल्या घरांचा जुना रिवाज आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच वाकळ म्हणतात. रजईत किंवा दुलईत पिंजलेला कापूस भरतात, गोधडीत मात्र कापडावर कापड रचून ते सर्व थर धावदोऱ्याने एकजीव केले जातात. तिच्यासाठी शिलाई मशीन, मोठे घर किंवा सलग सुट्टी लागत नाही. कापड पारखून घेणे आणि घरातली कामे सांभाळून रोज थोडे थोडे शिवत राहणे, एवढे जमले की कोणालाही गोधडी शिवता येते. एका माणसाला पांघरता येईल अशी ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद गोधडी समोर ठेवून पुढची सर्व कृती सांगितली आहे.

कापडाची निवड

गोधडीचे आयुष्य शिवणीपेक्षा कापडावर अधिक अवलंबून असते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. कापड शुद्ध सुती असावे आणि ते पुष्कळदा धुतलेले असावे. जुने कापड जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते आणि त्याचा सुटायचा तो रंगही सुटून गेलेला असतो, त्यामुळे सर्व थर पुढे सारखेच वागतात. त्यांत एखादा थर कोऱ्या कापडाचा घातला, तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, बाकीचे थर आटत नाहीत आणि गोधडीला जागोजागी चुण्या पडतात. नवे कापड वापरणे भागच असेल, तर ते आधी रात्रभर गरम पाण्यात भिजवून त्याची खळ पूर्ण काढावी.

नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या फुकट मिळतात म्हणून घेऊ नयेत. त्या घाम शोषत नाहीत, थरांमध्ये सरकत राहतात आणि त्यांच्यावर टाका नीट बसत नाही. कापड सुती आहे की मिश्र, अशी शंका आली तर कडेचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवून पाहावेत. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

लाल, जांभळ्या आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड गोधडीत घेऊ नये, कारण शेजारच्या फिक्या तुकड्यावर उतरलेला रंग पुन्हा जात नाही. आतल्या थरांसाठी जुनी धोतरे, मलमलीची उपरणी आणि विटलेल्या चादरी उत्तम. वरच्या थरासाठी ज्यांचे अंग अजून धड आहे अशा साड्या राखून ठेवाव्यात. लग्नातला शालू किंवा पैठणी यासाठी फाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; रेशीम रोजच्या वापराला आणि बडवून धुण्याला टिकत नाही, आणि मग शालूही जातो आणि गोधडीही.

हिशेब आणि फाडणी

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि तिचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो. साडीचे ६३ इंचांचे तुकडे केले तर एका साडीतून तीन तुकडे निघतात आणि पदराकडचा २७ इंचांचा भाग उरतो. असे दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की गोधडीचा एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर आणि चार साड्यांत सहा थर. आपल्याकडच्या थंडीला चार थर पुरतात, घाटमाथ्यावर किंवा विदर्भातल्या डिसेंबरसाठी सहा घ्यावेत, आणि त्याहून अधिक थर घातले तर सुई आरपार काढताना मनगट दुखते. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, त्यामुळे त्यातून असे पाच तुकडे मिळतात.

सुती साडी शक्यतो कात्रीने कापू नये, फाडावी. कडेला कात्रीने बोटभर चीर द्यावी आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात कापड ओढावे; ते आपल्याच धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. कात्रीला ही सरळ रेष साधत नाही. समोरच्या काठापाशी आल्यावर मात्र फाटणे अडते, कारण तिथली वीण दाट असते. तिथे जोर लावल्यास विरलेले अंग भलतीकडेच फाटते, म्हणून काठ नेहमी कात्रीने तोडावा. फाडताना एखाद्या ठिकाणी कापड हाताला अगदीच पोकळ लागले, तर तो भाग तेव्हाच बाजूला काढावा.

जाड काठ आतल्या थरात ठेवले तर सुई तिथे अडखळते, म्हणून ते उसवून किंवा कापून गुंडाळून ठेवावेत. पुढे गोट लावायला तेच उपयोगी पडतात. काठ काढल्यावर पन्हा कमी भरला तर उरलेल्या पदराची पट्टी जोडून घ्यावी. तुकडे जोडून थर करण्याची ही शिवण मशीनवर केली तरी चालते. आतले थर ८४ बाय ६० इंचांचे ठेवावेत आणि वरचा व खालचा थर चारही बाजूंनी इंचभर मोठा ठेवावा.

वरचा थर मांडणे

गोधडी करणाऱ्याचे मन सर्वांत अधिक रमते ते या टप्प्यावर, आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून घ्यावे तेही याच वेळी. वरचा थर एकाच साडीचा ठेवता येतो, पण त्यावर घरातल्या कपड्यांचे तुकडे लावले तर गोधडी त्या घराची होते. मुलांचे आखूड झालेले झबले, शाळेच्या गणवेशाचा सदरा, आजोबांच्या लेंग्याचा बरा राहिलेला भाग, परकराचा घेर, असे सगळे जमिनीवर पसरावे आणि मुलांना हवे तसे मांडू द्यावे. आमच्या घरी मुलीने एकदा आजीच्या हिरव्या इरकली लुगड्याच्या तुकड्याशेजारी स्वतःच्या पिवळ्या फ्रॉकचा खिसा, खिशासकट, लावायचा हट्ट धरला. तो खिसा तसाच शिवला आणि ती झोपताना अजूनही त्यात हात घालते. मोठ्यांनी मुलांची मांडणी सुधारायला जाऊ नये. तुकड्यांच्या कडा नीट दुमडल्या आहेत की नाही, एवढेच पाहावे.

मांडणीचे दोन नियम मला उपयोगाचे वाटतात. मोठे तुकडे आधी ठेवून लहान तुकडे त्यांच्या सांध्यांवर बसवावेत, म्हणजे जोड झाकले जातात. दुसरे म्हणजे गडद रंग एकाच बाजूला गोळा होऊ देऊ नयेत. उभे राहून, डोळे किंचित मिटून पाहिले की रंगांचा तोल लगेच कळतो. पसंत पडलेल्या मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तुकडे टाचायला घेतले की कोणता कुठे होता हे हमखास विसरते. प्रत्येक तुकड्याची कड पाव इंच आत दुमडून तो वरच्या थरावर टाचणीने लावावा आणि बारीक हेम घालावी.

अंथरणे आणि कच्चे टाके

जमीन स्वच्छ पुसून कोरडी होऊ द्यावी. खालचा थर उलट्या बाजूने वर अंथरावा, त्यावर आतले थर आणि शेवटी तुकडे लावलेला वरचा थर सुलट ठेवावा. पहिल्या थराच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी डबे किंवा अशीच जड भांडी ठेवावीत. प्रत्येक नवा थर टाकल्यावर तळहाताने मध्यापासून कडांकडे सारवल्यासारखा हात फिरवावा, म्हणजे अडकलेली हवा आणि चुणी बाहेर जाते. कापड ताणून धरू नये. ताणलेला थर वजन काढताच परत आखडतो.

मग लांब सुईने वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. ही शिवण मध्यापासून सुरू करून बाहेर न्यावी आणि तिच्यात कंटाळा करू नये. कारण असे की गोधडीचा खरा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत जातो, आणि थरांत कुठे सैलपणा राहिला असेल तर तो प्रत्येक फेरीबरोबर आत सरकत अखेर मधोमध फुगा होऊन बसतो. कच्चे टाके दाट असले तर हा फुगा येत नाही. तरीही थोडा आलाच, तर शेवटच्या हातभर चौकोनात ती चुणी सपाट दुमडून वरून एक चौकोनी तुकडा शिवावा. जुन्या गोधड्यांच्या मध्यभागी तसा तुकडा पुष्कळदा दिसतोही.

अंथरण्याचे काम एकट्याने करू नये. समोरच्या बाजूने कापड धरायला घरातले कोणी तरी हवेच, आणि टाके पूर्ण होईपर्यंत त्या खोलीत कोणी ये-जा करणार नाही अशी दुपार निवडावी.

धावदोरा

सुई लांब आणि मजबूत घ्यावी, मात्र पोती शिवण्याचा दाभण घेऊ नये. त्याने कापडाला भोके पडतात. दोरा जाड सुती असावा आणि तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. सुरुवातीची गाठ थरांच्या आत लपवावी. आधी वरच्या आणि खालच्या थराच्या मोकळ्या कडा आत दुमडून समोरासमोर शिवून घ्याव्यात, मग कडेपासून बोटभर आत पहिली फेरी घालावी आणि कोपऱ्यापाशी वळत वळत पुढे जावे.

सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरून मग दोरा ओढावा. टाका पाव इंचाहून फार मोठा नको. टाके अगदी एकसारखे येण्यापेक्षा सुई प्रत्येक वेळी खालच्या थरातून निघाली की नाही याकडे लक्ष द्यावे. डावा हात गोधडीखाली ठेवला की टोक बोटाला जाणवते. दोरा आवळू नये आणि सैलही सोडू नये. दोन फेऱ्यांत इंचभर अंतर ठेवले तर या मापाच्या गोधडीला एकंदर १२८ मीटर धावदोरा पडतो. मीटरभर शिवायला सात-आठ मिनिटे धरली तर हे सोळा तासांचे काम होते, म्हणजे रोज तासभर बसणाऱ्याची गोधडी दोन-अडीच आठवड्यांत पुरी होते. फेऱ्या अर्ध्या इंचावर घेतल्या तर वेळ आणि दोरा दोन्ही दुप्पट लागतात. गोधडी मात्र फार सुरेख आणि टिकाऊ होते.

धावदोरा मशीनवर मारण्याचा मोह टाळावा. मशीनचा दाब वरचा थर पुढे ढकलतो, आणि दाट शिलाईने विरलेले कापड टाक्यांच्या ओळीतच फाटते. हाताचा टाका कापडाबरोबर थोडा हलतो, म्हणून गोधडी मऊ राहते.

दोघींनी मिळून शिवायचे असल्यास समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसून दोघींनी एकाच दिशेने पुढे जावे. एकीचा हात घट्ट आणि दुसरीचा सैल असेल तर अधूनमधून जागा बदलावी. सासू-सुना, मायलेकी किंवा शेजारणी अशा बसल्या की काम झपाट्याने होते, आणि एरवी निघणार नाहीत अशा गोष्टीही निघतात. कोणते लुगडे कोणाच्या बारशाला घेतले होते, हे वहीत लिहून ठेवावे.

एकटीने शिवताना गोधडीचा न लागणारा भाग गुंडाळून मांडीवर फक्त चालू फेरी घ्यावी. दिवसाचा तास ठरवून टाकावा. जेवणानंतरचा, मुले शाळेत असतानाचा किंवा संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा. उठताना सुई कधीही गोधडीत खोचून ठेवू नये. कामाला बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात आणि झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. रांगते मूल असलेल्या घरात याला अपवाद करू नये.

हंगामाचेही पाहावे. चैत्र-वैशाखात कापड धुऊन कडकडीत वाळते, शेतीच्या कामांतून थोडी उसंत असते, आणि मृगाआधी गोधडी तयार होते. दमट हवेत शिवलेले थर आतून ओलसर राहतात आणि त्यांना कुबट वास येतो.

गोट, धुणे आणि दुरुस्ती

सर्व फेऱ्या झाल्यावर कच्चे टाके उसवावेत आणि राखून ठेवलेले काठ कडेवर दुमडून गोट शिवावा. सर्वांत आधी झिजतात त्या कडा, त्यामुळे हा भक्कम काठ तिथे शोभेपेक्षा कामाचा आहे. उरलेल्या तुकड्यांची बसकरे करावीत. ज्यांनी आजवर सुई धरलेली नाही, त्यांनी तर १८ इंचांच्या चौकोनी बसकरापासूनच सुरुवात करावी, कारण त्यात हेम, कच्चे टाके, धावदोरा आणि गोट हे सगळे येते. बाळासाठी दुपटे करायचे असेल तर ३६ इंचांचा चौकोन आणि मलमलीचे तीन थर पुरेत. त्याला बटणे, आरसे, टिकल्या किंवा सुटे धागे असे काहीही लावू नये.

गोधडी भिजल्यावर फार जड होते. ती साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी आणि पिळण्याऐवजी कठड्यावर निथळत ठेवावी. नंतर दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. एका कडेने टांगली तर ओल्या वजनाने टाके तुटतात. दर दोन-तीन महिन्यांनी तिला ऊन दाखवावे.

एखादा तुकडा फाटला तर तो उसवून काढू नये, त्याच्यावरच नवे ठिगळ लावावे आणि जुन्या टाक्यांच्या ओळीतून पुन्हा धावदोरा घालावा. पुढे वरचा थर सगळाच विरला, की ती गोधडी धुऊन वाळवावी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक साडी लावावी आणि तिलाच आतला थर करून पुन्हा कडेपासून शिवायला घ्यावे. या वेळी आतले थर आधीच एकजीव झालेले असतात, त्यामुळे फेऱ्यांत दोन बोटांचे अंतर ठेवले तरी पुरते.