मिनिकॉयला जायचं ठरलं की

कोचीहून बोटीनं लक्षद्वीपला जायचं तर बॅग सगळ्यात शेवटी भरायची. आधी कागद. परवान्याशिवाय तिथल्या बेटांवर उतरता येत नाही आणि परवान्याच्या अर्जासाठी पोलिसांचा दाखला मागतात. तो हातात पडायला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने आधी हालचाल करा. आधार कार्ड, फोटो, परवाना, तिकीट यांच्या दोन-दोन छापील प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. भर समुद्रात फोनला रेंज नसते, त्यामुळे सगळं मोबाईलवर ठेवून निघू नका.

पावसाळ्यात जायचा विचारही नको. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ‘समुद्रम’ सहल सुचवेन. ‘एम. व्ही. कवरत्ती’ नावाची बोट कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटं दाखवते. दिवस बेटावर, रात्र बोटीवर. आपल्याकडून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कल्याण, पनवेल, रत्नागिरी करत एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला जाते. मात्र बोट सुटायच्या आदल्या दिवशीच पोहोचा. गाडी चार तास उशिरा आली म्हणून बोट थांबत नाही.

आता सामान. इथे माझं म्हणणं ठाम आहे: चाकांची मोठी बॅग घरी ठेवा, पाठीवरची सॅक घ्या. कल्पेनीसारख्या ठिकाणी मोठी बोट बेटालगतच्या उथळ पाण्याच्या बाहेर, खोल पाण्यात उभी राहते. तिच्या दारातून खाली हलणाऱ्या लहान होडीत उतरावं लागतं. लाट होडीला वर आणते तेवढ्या क्षणात पाय टाकायचा. खलाशी दंड धरून उतरवतात, पण त्यासाठी तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर हे त्यांना घरीच नीट समजावून सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. फोन, कॅमेरा, कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. पायांत मागे पट्टा असलेल्या चपला.

बोट लागते का, हे बऱ्याच जणांना पहिल्या रात्रीच कळतं. डॉक्टरांना विचारून गोळ्या आणा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधीच घ्या. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. उपाशी राहू नका, पोटाला तडस लागेल इतकं जेवूही नका. रोजची औषधं चार दिवस जास्तीची घ्या, रोख रक्कमही पुरेशी ठेवा.

कपडे सुती, अंगभर. बेटांवरची वस्ती प्रामुख्यानं मुस्लिम आहे, गावातून फिरताना त्यांची रीत पाळावी. दारू बरोबर नेऊ नका. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. मिनिकॉयचे लोक महल भाषा बोलतात, मालदीवच्या भाषेची ती बहीण. १८८५ सालचं दीपगृह चढायचं असेल तर पाण्याची बाटली जवळ हवी.

गोड्या पाण्याचा साठा प्रवाळबेटावर फार थोडा असतो. आंघोळ एका बादलीत उरका. एक रिकामी पिशवी न्या. आपला प्लॅस्टिकचा कचरा तिच्यात भरून कोचीला परत आणायचा. प्रवाळावर उभं राहू नका आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका, तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. न्यायचंच असेल तर ट्यूनाचं लोणचं घ्या.

परतीच्या रेल्वेचं तिकीट बोट कोचीला पोहोचायच्या दिवसाचं काढू नका. दुसऱ्या दिवसाचं काढा.